बाद फेरीतला उलटफेर: मॅच बघायची, मोजायची आणि मग भांडायची रीत

फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेची बाद फेरी लागली की दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "थे काय खेयले बे? नुसते गोलसमोर उभे होते. नशिबानं जिंकले." दुसरा म्हणतो, "जिंकले थे जिंकले, बाकी बात सोड." खर्रा संपतो, वाद संपत नाही, कारण दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. पहिल्याचा प्रश्न असा की चांगल्या संधी कोणी जास्त काढल्या. दुसऱ्याचा असा की पुढच्या फेरीत कोण गेलं. आणि ज्याच्यावर खरं भांडायला पाहिजे तो तिसरा प्रश्न कोणी काढतच नाही: मोठा संघ नेमका कुठं अडकला, आणि लहान संघानं ते ठरवून केलं का?

हे तीन प्रश्न वेगळे ठेवता आले की अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी एक शंभर पानी वही, दोन रंगांचे पेन, चार माणसं आणि मूठभर तुरीचे दाणे लागतात. दाण्यांचं पुढं सांगतो.

आधी लिहा, मग बघा

मॅच संपल्यावर सगळ्यांनाच सगळं आधीपासून माहीत असतं. म्हणून शिटी वाजायच्या आधी प्रत्येकानं वहीत तीन गोष्टी लिहून सही करायची: कोण पुढं जाणार, किती खात्रीनं (शंभरात किती), आणि हरणारा संघ कोणत्या कारणानं हरेल. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "ब्राझील जिंकणार" लिहिणारे गावात पन्नास मिळतील. "ब्राझील हरलं तर पुढं जास्त माणसं टाकल्यामुळं हरेल" असं लिहिणाऱ्याशी मात्र दुसऱ्या दिवशी बोलण्यात मजा असते.

उलटफेर कशाला म्हणायचं हेही तेव्हाच ठरवा. नुसतं नाव मोठं असून भागत नाही. 2018 पासून फिफाच्या क्रमवारीत गुण मोजायचं एक सूत्र आहे, आणि दोन संघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षा काढता येते: फरकाला 600 नं भागायचं, त्याला उणे चिन्ह लावून तो 10 चा घात करायचा, त्यात 1 मिळवायचा आणि 1 ला त्यानं भागायचं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं, पण दर वेळी कशाला करा. वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे लिहून ठेवा: फरक 100 गुणांचा असेल तर वरच्या संघाची अपेक्षा 0.59, 150 चा असेल तर 0.64, 300 चा असेल तर 0.76, आणि 600 चा असेल तर 0.91. यात विजय म्हणजे 1 आणि बरोबरी म्हणजे अर्धा.

यावरून साधा नियम करता येतो. फरक शंभराच्या आत असेल तर निकाल काहीही लागो, उलटफेर हा शब्द वापरायचा नाही. दीडशेच्या वर गेला तर चालेल. तीनशेच्या वर असेल तर फटाके फोडा. 2022 च्या वर्ल्डकपला जाताना मोरोक्को 22 व्या क्रमांकावर होता आणि स्पेन 7 व्या, क्रोएशिया 12 व्या आणि ब्राझील पहिल्या. पण क्रमांकातला फरक फसवा असतो. वरच्या दहांत दोन शेजाऱ्यांमध्ये पुष्कळ गुणांचं अंतर असू शकतं आणि चाळिसाव्याच्या आसपास पाच-सहा संघ एकमेकांना चिकटून असतात. गुण बघा, क्रमांक नाही.

आणखी एक हिशोब त्याच पानावर असू द्या. एखादा संघ इतका तगडा आहे की प्रत्येक बाद मॅच जिंकायची त्याची शक्यता शंभरात 80 आहे, असं धरा. 32 संघांच्या वर्ल्डकपमध्ये बाद फेरीच्या 4 मॅच असायच्या, म्हणजे कप उचलायची शक्यता 41 टक्के. 2026 पासून संघ 48 झाले आणि बाद फेरी शेवटच्या 32 पासून सुरू होते, म्हणजे मॅच 5 आणि शक्यता 33 टक्के. तीच शक्यता दर मॅचला 70 धरली तर पाच मॅचअंती 17 टक्के उरतात. "एवढा मोठा संघ बाहेर कसा गेला?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर या गुणाकारातच आहे. मोठ्या संघांपैकी कोणीतरी वाटेत पडणारच असतं. कोण पडणार आणि कशानं, एवढंच बघायचं उरतं.

बैठकीची सोय

हा भाग थोडक्यात, कारण गावात हे सगळ्यांना जमतं. फक्त वेळेचा हिशोब चुकतो. बाद फेरीची मॅच 90 मिनिटांची धरून इन्व्हर्टर लावला की जादा वेळेत टीव्ही बंद पडतो. दोन हाफ, मधली 15 मिनिटं, दोन्ही हाफचा वाढीव वेळ, मग बरोबरी राहिली तर 30 मिनिटं जादा, आणि तरीही सुटलं नाही तर पेनल्टी शूटआउट (पाच-पाच पेनल्टी मारून निकाल), असे पावणेतीन तास पकडा. 12 व्होल्टची 150 एएचची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. जुनी असेल तर निम्मीच धरा, 900. 43 इंची टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि एक पंखा मिळून 200 वॉटच्या आसपास खातात, म्हणजे साडेचार तास निघतात. दुसरा पंखा आणि ट्यूबलाइट लावली की तीनावर येतं. लाइन संध्याकाळीच गेलेली असेल तर बॅटरी मॅचसाठी राखून ठेवा, मोबाईल तिच्यावर चार्ज करू नका.

मोबाईल डेटावर बघत असाल तर तासाला एक ते तीन जीबी जाईल, चित्र किती स्वच्छ ठेवता त्यावर. आणि ऑनलाइन चित्र डिशच्या चित्रापेक्षा बहुतेक मागंच असतं. शेजारच्या आळीत डिशवर बघणाऱ्यांनी बोंब मारली की तुमची पेनल्टी मारायच्या आधीच कळते. एकाच गावात दोन बैठका असतील तर दोन्हीकडं एकच साधन ठेवा, नाहीतर दारं लावून घ्या.

भारतात बाद फेरीच्या बऱ्याच मॅच रात्री साडेबाराला सुरू होतात. जून-जुलैची स्पर्धा असेल तर तेव्हा पेरण्या आणि डवरणीचे दिवस. रोज रात्री जागून सकाळी सहाला वावरात जाणं कोणालाच झेपत नाही. शेवटच्या 16 च्या सगळ्या मॅच बघायचा हट्ट सोडा. ज्या मॅचवर वहीत मतं जास्त फाटलेली आहेत तीच बघा.

सट्टा मात्र बैठकीत नको. कायद्याचा भाग आहेच, पण वादाचाही घात होतो. ज्याचे पाचशे रुपये गेले त्याला लो ब्लॉक (सगळ्यांनी आपल्या गोलजवळ आवळून बसायचा बचाव) समजावून सांगता येत नाही.

चार माणसं, चार कामं

सगळ्यांनी सगळं बघितलं की सगळ्यांना फक्त गोल दिसतो. म्हणून काम वाटून घ्या.

पहिल्या माणसाकडं रचना. त्यानं बॉलमागं डोळे फिरवायचे नाहीत. संघाकडं बॉल नसताना शेवटच्या ओळीत किती जण आहेत आणि त्यांच्यापुढं किती, एवढंच बघायचं. टीव्हीवर सुरुवातीला दाखवतात ते 4-3-3 किंवा 3-5-2 (मागून पुढं कोणत्या ओळीत किती जण) विसरा, तो कागदावरचा आकडा आहे. रचना स्वच्छ दिसते ती समोरचा गोलकीपर बॉल घेऊन उभा असतो तेव्हा, कारण कॅमेरा मागं जातो आणि सगळे आपापल्या जागी असतात. नोंद दहाव्या मिनिटाला एकदा, प्रत्येक गोलनंतर, आणि प्रत्येक बदलीनंतर. अंतर मोजायला पडद्यावरच माप आहे: पेनल्टी बॉक्स 16.5 मीटर खोल असतो. बचाव करणाऱ्या संघाची शेवटची ओळ आणि सगळ्यात पुढचा खेळाडू यांच्यात असे दोन बॉक्सही मावत नसतील, तर संघ आवळून बसलाय असं लिहा. साठाव्या मिनिटानंतर तेच अंतर तीन बॉक्स झालं तर दमलेत असं समजा. उलटफेर होणार की हुकणार ते बहुतेक तिथं कळतं.

दुसऱ्याकडं संधी. इथं तुरीचे दाणे. दोन वाट्या, एकेका संघाची एकेक. बॉक्समधून फटका मारला की त्या वाटीत दाणा. बाहेरून मारलेल्याला दाणा नाही, वहीत फक्त रेघ. गर्दीत, आरडाओरड्यात वहीत लिहिण्यापेक्षा दाणा टाकणं सोपं, आणि हाफटाइमला वाटीत बघितलं की आकडा समोर. नंतर वहीत उतरवताना प्रत्येक संधीला ढोबळ वजन द्या: पेनल्टी पाऊण, गोलकीपर एकटा समोर असेल तर 0.4, बॉक्सच्या मध्यातून पायानं मारलेला फटका 0.15, गर्दीतला हेडर 0.1, बॉक्सबाहेरचा 0.03. टीव्हीवर "एक्सजी" (संधींवरून अपेक्षित गोल) म्हणून दाखवतात त्याची ही गावठी आवृत्ती. अचूक नाही, पण पानठेल्यावर पुरते.

तिसऱ्याकडं बॉल कुठं हिसकावला याचा हिशोब. मैदानाचे आडवे तीन भाग कल्पा आणि प्रत्येक वेळी कोणत्या भागात बॉल मिळवला ते टिंब काढून दाखवा. पुढच्या भागात टिंबं जास्त असतील तर संघ प्रेसिंग करतोय. मागच्या भागात जास्त असतील तर तो वाट बघून काउंटर (बॉल मिळताच झपाट्यानं उलट हल्ला) मारतोय. दोन्ही डाव चालतात. मधल्या भागात उगाच धावणाऱ्याचे हाल होतात.

चौथ्याकडं थांबलेला बॉल: कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो-इन. कोण मारतो, कुठं टाकतो, बॉलला पहिला कोण लागतो. हे काम नवख्या पोट्ट्याला देतात, आणि तिथंच चूक होते. लहान संघाचे बाद फेरीतले गोल इथून फार येतात. सगळ्यात जाणत्या माणसाला इथं बसवा.

कॉमेंट्रीचा आवाज पहिल्या हाफला बंद ठेवून बघा. कॉमेंटेटर जे बोलतो तेच सकाळी गावभर ऐकू येतं, आणि आपण काय बघितलं ते कोणाला आठवत नाही.

कशात फसायला होतं

बॉल कोणाकडं जास्त होता हा आकडा सगळ्यात आधी दाखवतात आणि सगळ्यात कमी सांगतो. 2018 च्या वर्ल्डकपला मॉस्कोत रशियाविरुद्ध स्पेननं हजाराच्या वर पास दिले. रशिया पाच जणांची ओळ करून मागं बसला होता. मॅच 1-1 राहिली आणि रशियानं शूटआउट 4-3 नं जिंकलं. रशियाचा गोलकीपर अकिनफेएवनं कोके आणि आस्पास यांच्या पेनल्टी अडवल्या. चार वर्षांनी कतारमध्ये मोरोक्कोविरुद्ध स्पेननं पुन्हा हजाराच्या वर पास दिले आणि पुन्हा शूटआउटमध्ये बाहेर. एकदा झालं तर नशीब म्हणता येतं. दोन वेगळे कोच असताना तीच गोष्ट दोनदा झाली, तर प्रश्न रचनेचा आहे असं म्हणायला जागा आहे.

गोलनंतरचे आकडे वेगळे ठेवा. ज्या संघाचा गोल होतो तो मागं सरकतो आणि समोरचा पुढं येतो, त्यामुळं शेवटच्या अर्ध्या तासात हरणाऱ्याचे फटके आपोआप वाढतात. "आमच्या संघानं वीस फटके मारले" म्हणणाऱ्याला विचारा, 0-0 असताना किती? म्हणून संधी मोजणाऱ्या दुसऱ्या माणसानं गोल झाल्याबरोबर वाटीतले दाणे बाजूला काढून नवी वाटी सुरू करायची.

आणि नशीब हा शब्द वापरायचा तर आकड्यानं वापरा. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. 2022 च्या वर्ल्डकपमध्ये 64 मॅचमध्ये 172, म्हणजे मॅचला 2.7 सुद्धा नाहीत. समजा एका संघाच्या संधींचं वजन 1.5 भरलं आणि दुसऱ्याचं 0.8, म्हणजे जवळपास दुप्पट. तशी मॅच शंभर वेळा खेळवली तर 90 मिनिटांत वरचा संघ साधारण 54 वेळा जिंकेल, 26 वेळा बरोबरी होईल आणि 20 वेळा खालचा जिंकेल. दुप्पट चांगलं खेळूनही शंभरातल्या 46 वेळा 90 मिनिटांत विजय नाही. म्हणून वजनांत एवढा फरक असलेल्या मॅचला "पार वाट लावली" म्हणायचं नाही आणि "चोरून जिंकले" असंही नाही.

उदाहरणं: वही कशी वाचायची

मोरोक्को आणि स्पेन, 6 डिसेंबर 2022, शेवटचे 16. मोरोक्कोचे कोच वालिद रेग्रागुई यांनी ऑगस्टमध्येच संघ हाती घेतला होता. बचावात चौघांची ओळ, त्यांच्यापुढं एकटा अमराबात, आणि पुढं परत चौघं. स्पेनला बॉल बाजूला न्यायची मोकळीक होती, मधून आत यायची नव्हती. नुसता बचाव असता तर हा वाद तिथंच संपला असता. पण जादा वेळेत मोरोक्कोच्या चेदिराला गोलकीपरसमोर एकट्यानं संधी मिळाली आणि ती उनाई सिमोननं अडवली, तर स्पेनच्या साराबियाचा फटका अगदी शेवटच्या क्षणी खांबाला लागला. दोन्ही वाट्यांमध्ये दाणे होते, आणि वजनानं फार फरक नव्हता. म्हणजे "मोरोक्को फक्त तग धरून होता" हे म्हणणं वहीपुढं टिकत नाही. मग शूटआउट 3-0. मोरोक्कोचा गोलकीपर बुनूनं सोलेर आणि बुस्केट्स यांची पेनल्टी अडवली, साराबियाची पुन्हा खांबाला, आणि हकीमीनं मधोमध हलकेच उचलून संपवलं.

इथं एक बारीक गंमत आहे. नियमांप्रमाणं ही मॅच बरोबरीत सुटल्याची नोंद आहे. शूटआउट फक्त पुढं कोण जाणार हे ठरवतं. फिफाच्या क्रमवारीत शूटआउट जिंकणाऱ्याला विजयाचा पूर्ण 1 न धरता 0.75 धरतात आणि हरणाऱ्याला 0.5. आणि मुख्य स्पर्धेच्या बाद फेरीत हरल्यावर गुण कापत नाहीत. "मोरोक्कोनं स्पेनला हरवलं का?" यावर वाद लागला तर पाऊण हे उत्तर दोन्ही पक्षांना मान्य व्हायला हरकत नाही.

क्रोएशिया आणि ब्राझील, त्याच वर्ल्डकपची उपांत्यपूर्व फेरी. इथं वाटी एकतर्फी होती. क्रोएशियाचा गोलकीपर लिवाकोविचनं दहाएक फटके अडवले. नेमारनं जादा वेळेच्या पहिल्या हाफच्या शेवटी गोल केला. 117 व्या मिनिटाला क्रोएशियाच्या काउंटरवर पेटकोविचनं बरोबरी केली, तीही बॉल ब्राझीलच्या मार्किन्योसच्या पायाला लागून वळला म्हणून. 120 मिनिटांत क्रोएशियाचा गोलवर बसलेला तेवढा एकच फटका. याला नशीब म्हणायला हरकत नाही. पण तिसरा प्रश्न विचारा: चार मिनिटं उरलेली, एका गोलची आघाडी, आणि ब्राझीलची माणसं समोरच्या अर्ध्यात काय करत होती? ज्यानं आधी वहीत ते कारण लिहून सही केली असेल, त्यानं त्या सकाळी सगळ्यांकडून चहा घ्यावा. शूटआउटमध्ये रॉड्रिगोची पहिली पेनल्टी अडवली गेली, मार्किन्योसची खांबाला लागली, आणि नेमारची पाळी आलीच नाही. सगळ्यात भरवशाचा माणूस शेवटी ठेवायचा की आधी, या वादाला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आइसलँड आणि इंग्लंड, युरो 2016 (युरोपातल्या देशांची स्पर्धा), 27 जून. इंग्लंडनं चौथ्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, सहाव्याला बरोबरी. गुन्नारसनचा लांब थ्रो, आर्नासननं डोक्यानं मागं ढकलला, सिगुर्डसननं पायानं आत घातला. पाच दिवस आधी ऑस्ट्रियाविरुद्ध आइसलँडनं याच पद्धतीनं गोल केला होता. याला नशीब म्हणता येत नाही. समोरच्यानं गृहपाठ केला नव्हता एवढंच. अठराव्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि उरलेला सव्वा तास इंग्लंडला त्याचं उत्तर सापडलं नाही. चौथ्या माणसाच्या कामाला कमी लेखणाऱ्याला हे पान दाखवा. पटलं नाही तर युरो 2004 चं ग्रीस काढा: फ्रान्स, चेक आणि फायनलला पोर्तुगाल, तिन्ही बाद मॅच 1-0, तिन्ही गोल डोक्यानं, त्यातले शेवटचे दोन कॉर्नरवरून. कोच ओटो रेहागेल यांचा संघ बघायला कंटाळवाणा होता हे खरं आहे. कंटाळवाणा असणं हा फाउल नाही.

कधीकधी उलटफेर एका मॅचमध्ये तीनदा फिरतो. बुखारेस्ट, युरोची बाद फेरी, 28 जून 2021, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड. फ्रान्सनं मागं तिघांची अनोळखी ओळ लावली, स्वित्झर्लंडच्या सेफेरोविचनं पंधराव्या मिनिटाला गोल केला, आणि हाफटाइमला फ्रान्सचे कोच देशाँ यांनी ती रचनाच मोडली. 55 व्या मिनिटाला स्विस रोड्रिगेजची पेनल्टी फ्रान्सचा गोलकीपर योरिसनं अडवली. 57 आणि 59 ला बेंझेमाचे दोन गोल, 75 ला पोग्बाचा. 3-1. इथं निम्म्या बैठका उठून झोपायला जातात. 81 ला सेफेरोविच, 88 ला देशाँ यांनी ग्रिझमानला बाहेर घेतलं, 90 ला स्विस गाव्रानोविचनं 3-3 केलं, आणि शूटआउटमध्ये स्विस गोलकीपर सोमरनं एम्बापेची पाचवी पेनल्टी अडवली. अशा मॅचवर "कारण काय" असा एकच प्रश्न टाकू नका. वहीत चार तुकडे करा: 0 ते 45, 46 ते 59, 60 ते 80, आणि पुढचं. प्रत्येक तुकड्याचं कारण वेगळं निघेल.

परदेशी नावांना कंटाळलेल्या काकाजींसाठी घरचं उदाहरण आहे. 1962, जकार्ता, आशियाई खेळ. गटात भारत दक्षिण कोरियाकडून 0-2 हरला होता. फायनलला तोच संघ समोर. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी बचाव करणाऱ्या जर्नेल सिंग यांना, डोक्याला टाके पडलेले असताना, सेंटर फॉरवर्डला खेळवलं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांच्या गोलवर भारत 2-1 नं जिंकला. डावपेच म्हणजे टीव्हीवाल्यांचं नवं खूळ, असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

शूटआउटचं वेगळं पान

शूटआउट म्हणजे चिठ्ठ्या टाकणं, असं म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. अर्धं खरं आहे. चारात साधारण तीन पेनल्टी आत जातात. त्या हिशोबानं पाचही जण मारतील अशी शक्यता 24 टक्केच, म्हणजे कोणीतरी चुकणार हे गृहीत धरा आणि चुकणाऱ्याला शिव्या घालू नका. पण तयारीला जागा आहे. क्रोएशियानं 2022 पर्यंत वर्ल्डकपमधली चारही शूटआउट जिंकली, 2018 ला दोन आणि 2022 ला दोन. 2014 ला डच कोच फान खाल यांनी कोस्टारिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता फक्त पेनल्टीसाठी गोलकीपर बदलला. टिम क्रुलनं दोन अडवल्या. उलट 2022 ला स्पेनचे कोच लुईस एन्रिके यांनी खेळाडूंना स्पर्धेआधी क्लबमध्ये हजार पेनल्टी मारून या असं सांगितलं होतं, आणि मोरोक्कोपुढं स्पेनची एकही आत गेली नाही. पेनल्टीसाठीच 118 व्या मिनिटाला आणलेला साराबिया पहिलीच चुकला. बाकावर थंड बसलेल्या माणसाला थेट पेनल्टीला आणावं का, यावर एक अख्खी संध्याकाळ जाईल.

पानावर प्रत्येक पेनल्टीच्या चार गोष्टी लिहा: मारणारा थांबून आला की सरळ, बॉल कुठल्या बाजूला, गोलकीपर आधी हलला का, आणि तो कुठं झेपावला. किक लागेपर्यंत गोलकीपरचा निदान एक पाय रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा रेषेच्या मागं असावा लागतो. रिप्लेमध्ये बॉल बघू नका, त्याचा मागचा पाय बघा. पंचांवर आरोप करायच्या आधी तेवढं करायचं.

सकाळचा वाद

वाद मॅच संपल्यासंपल्या घालू नका. रात्री तीनला कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. दुसऱ्या दिवशी वही मधे ठेवून बसा.

आधी ज्याचा अंदाज चुकला तो बोलेल. कारण साधं आहे: ज्याचा बरोबर आला तो आधी बोलला की दुसरे गप्प बसतात, आणि नेमकी चूक कुठं होती ते कळत नाही. मग वाटीचे आकडे, मग रचनेची नोंद, आणि सगळ्यात शेवटी पंच. पंचांचा विषय आधी निघाला तर दुसरा विषय निघतच नाही.

मोठ्या माणसाला खोडून काढायचं तर प्रश्नातून. "काकाजी, तुमचं चुकलं" म्हटलं की विषय फुटबॉल राहत नाही. "काकाजी, पहिला गोल झाला तवा त्याईचे मागं किती जण होते जी?" असं विचारलं की ते स्वतःच वही मागतात. पोट्ट्यांसाठी वेगळा नियम: खेळाडूचं नाव घेऊन "बेकार आहे" म्हणायचं असेल तर मिनिट सांगायचं. मिनिट सांगता आलं नाही तर पाळी गेली.

"कोचनं अमुक केलं असतं तर" हे वाक्य एका मॅचला एका माणसाला एकदाच. आणि त्यासोबत त्याचा तोटाही सांगायचा. बचावातला माणूस काढून फॉरवर्ड आणायचा होता म्हणता? मग काउंटरला मागं कोण राहणार होतं? ब्राझीलचं 117 वं मिनिट तिथं उघडा. फायदा आणि तोटा दोन्ही सांगणाऱ्याचंच म्हणणं वहीत लिहायचं.

1-7 सारखी मॅच निघाली तर पद्धत बदला. 8 जुलै 2014 ला जर्मनीनं ब्राझीलला 23 ते 29 या मिनिटांत चार गोल मारले. नेमार जखमी होता, थियागो सिल्वावर कार्डांमुळं बंदी होती. तिथं 90 मिनिटांचा हिशोब मांडून उपयोग नाही. ती सहा मिनिटं पुन्हा दोनदा लावा आणि प्रत्येक गोलच्या आधी ब्राझीलनं बॉल कुठं गमावला तेवढंच लिहा.

दोघांची मोजणी जुळत नसेल, एकाच्या वाटीत नऊ दाणे आणि दुसरा म्हणतो अकरा, तर भांडू नका. ज्या पंधरा मिनिटांवर वाद आहे तेवढीच मोबाईलवर परत बघा, दोघांनी वेगवेगळं मोजा. तरीही जुळलं नाही तर दोन्ही आकडे लिहा आणि पानाच्या कोपऱ्यात फुली मारा. त्यातला एखादा संघ पुढच्या फेरीत गेला असेल तर त्याच्या मॅचला दाण्यांची वाटी त्या दोघांपैकी कोणाकडंही द्यायची नाही, तिसऱ्याकडं द्यायची.